असंग्रहाची संग्रहालये

विदर्भातील आपल्या कुटुंबांत प्रवास म्हटला की तीर्थयात्रा, हे समीकरण फार जुने आहे. मुक्तागिरी, रामटेक, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ यांना वर्षाआड तरी जाणे होतेच. वर्धा जिल्ह्याचे नाव मात्र या यादीत सहसा येत नाही. नागपूरहून जेमतेम पाऊण-शंभर किलोमीटरवर असलेल्या या जिल्ह्यातून आम्ही कितीदा तरी पुढे गेलो असू. थांबलो कधीच नाही. यंदा कार्तिकात थांबलो, ते माझ्या वडिलांच्या आग्रहामुळे.

बाबांचे वय आता त्र्याऐंशी. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांची नोकरी गेली. आमचे मूळ घर कारंजा लाडचे. ते घर गेल्या वर्षी विकले आणि त्यातील तीन लोखंडी पेट्या माझ्या नागपूरच्या सदनिकेत येऊन पडल्या. पहिल्या पेटीत पणजोबांपासून चालत आलेल्या हस्तलिखित पोथ्या आणि काही जुने ग्रंथ. दुसरीत आजोबांच्या कापडदुकानातील लोखंडी गज, पितळी तागडी, लाल कापडात बांधलेल्या चोपड्या. तिसरीत आजीचा पेटी-चरखा, तिची दोन खादीची लुगडी आणि बाबांची प्रमाणपत्रे. माझ्या मनाने घेतले होते की दिवाणखान्यात एक काचेचे कपाट करून घ्यावे, आत दिवे बसवावेत, प्रत्येक वस्तूखाली नावाची पट्टी लावावी. आमच्या घराण्याचे एक छोटेसे संग्रहालयच!

पुण्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने दुसऱ्या पेटीविषयी विचारले होते. आजोबांच्या मांडीवर बसून तो गजाशी खेळत असे. मी त्याला सांगितले, माझ्याकडे जागा आहे, सगळे एकत्र राहील. तो पुढे काही बोलला नाही. पण त्यानंतर आमचे बोलणेच कमी झाले. यंदाच्या क्षमावाणीला त्याने मला आणि मी त्याला मोबाइलवर एकच तयार चित्र पाठवले होते.

कपाटाचा बेत बाबांच्या कानांवर घातला तेव्हा ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "आधी एक दिवस वर्ध्याला जाऊन येऊ," एवढेच बोलले. मग एका रविवारी पहाटे मी, बाबा आणि माझी मुलगी चंदना असे तिघे निघालो. सोबत दशम्या, कोरडी चटणी आणि गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

बुटीबोरी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीची शेते लागली. बोंडे फुटली होती. वेचणीला आलेल्या बाया कमरेला ओटे बांधून ओळीने वाकलेल्या दिसत होत्या. मधल्या तासांत तूर उभी होती. केळझर, सेलू ही गावे गेली. पवनारचा पूल आला तेव्हा मी गाडी हळू केली, पण बाबा म्हणाले, "हे परतताना. पहिल्यांदा मगनवाडी."

मगनवाडी

वर्धा शहरातील मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते मगनलाल गांधी हे बापूंचे पुतणे. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला नाव सुचवण्याची वेळ आली तेव्हा मगनलालांनी 'सदाग्रह' हा शब्द सुचवला आणि बापूंनी त्याचाच 'सत्याग्रह' केला. खादीच्या साधनांचा शास्त्रशुद्ध अभ्यास हे मगनलालांचे जीवनकार्य होते. १९२८ मध्ये पाटण्याला त्यांचे अकाली निधन झाले. पुढे जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिली आणि तिला मगनवाडी हे नाव मिळाले. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली येथूनच चालत असे.

राजेरजवाड्यांची संग्रहालये पाहून आलेल्या माणसाला इथे प्रथम चुकल्यासारखे वाटते. येथे तलवारी नाहीत, दागिने नाहीत, हस्तिदंती पेटारे नाहीत. येथे आहेत ती कामाची साधने: नाना तऱ्हांचे चरखे, तेलाची घाणी, हातकागद, शेतीची अवजारे, कुंभाराच्या व विणकराच्या हाताखालच्या वस्तू. मगनदीप नावाचा कंदील याच वाडीत घडला. तो रॉकेलवर नव्हे, तर वनस्पतिजन्य तेलावर चालत असे. खेड्यातील माणसाला दिव्यासाठी विलायती तेल विकत घ्यावे लागू नये, घाणीवरच्या तेलात त्याचे भागावे, असा त्यामागचा विचार. म्हणजे येथे वस्तू जमवली ती दुर्मीळ म्हणून नव्हे. पाहणाऱ्याने तशीच दुसरी करावी, यासाठी ती मांडली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी बाबांनी चंदनेला समजावून सांगितल्या. पहिली मधमाशांच्या पेटीची. पोळे पिळून मध काढण्याच्या जुन्या रीतीत अंडी-पिल्लांचा चेंदामेंदा होई. तो टाळण्यासाठी पेटीत माश्या पाळून, चौकटी फिरवून मध काढण्याचे शिक्षण मगनवाडीत दिले जाई. आपल्याकडे मध वर्ज्यच मानलेला आहे, तेव्हा आपल्याला तो निराळ्या रीतीने काढला म्हणून भक्ष्य होत नाही. परंतु जो समाज मध खातो त्याच्या हातून होणारी हिंसा कमी कशी करावी, हा प्रश्न येथील माणसांनी आपला मानला, हे मोलाचे आहे. दुसरी गोष्ट चामड्याची. शहरालगतच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकर यांनी चालवलेल्या चर्मालयात केवळ नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. ज्या कामाकडे सवर्ण समाज नाक मुरडून पाहत असे, ते काम सुशिक्षित माणसांनी हातात घेतले. अहिंसेबरोबर अस्पृश्यतेचाही प्रश्न त्यात गुंतलेला होता.

इतक्यात चंदना एका काचेपाशी थबकली. "आबा, हा तर आपल्याकडे आहे!"

तो पेटी-चरखा होता. मिटवला की पुस्तकासारखा काखेत मावणारा. बापूंच्या येरवड्यातील कारावासात त्याला सुबक रूप मिळाले, म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. बाबा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे आहे खरा, बेटा. पण चालतो कुठे? त्याची माळ तुटली, चाते वाकले. तुझी पणजी रोज सामायिक झाले की अर्धा तास कातायची. सुताच्या गुंड्या खादी भांडारात द्यायची आणि त्या बदल्यात कापड आणायची. ती गेल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही."

मी कपाटात नेमका तोच चरखा मधोमध ठेवणार होतो. त्याखालच्या पट्टीचा मजकूरही मनाशी जुळवून झाला होता.

सेवाग्राम

वर्ध्याहून सेवाग्राम आठ किलोमीटर. या गावाचे पूर्वीचे नाव सेगाव. विदर्भातच शेगाव असल्याने पत्रांचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. बापू येथे ३० एप्रिल १९३६ रोजी आले. १९३० मध्ये दांडीला निघताना, स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीला परतणार नाही, असे ते म्हणाले होते. जमनालालजींच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले आणि तेथून या खेड्यात. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते येथून दिल्लीला गेले, ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

आदिनिवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास ही सारी घरे माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची. आजूबाजूच्या परिसरात जे मिळे त्यातूनच घर बांधावे, हा बापूंचा दंडक. बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीतच उठावाची चित्रे काढली आहेत. आत बसण्याची चटई, लिहिण्यासाठी ठेंगणे मेज आणि मोजक्याच वस्तू. १९७८ मध्ये इव्हान इलिच हे पाश्चात्त्य विचारवंत या कुटीत येऊन बसले होते. त्यांनी तिच्यावर एक निबंध लिहिला आणि तो जगभर वाचला गेला. घर मोठे करताना माणूस किती गोष्टी गमावतो, हे त्यांना या लहान खोलीत बसून जाणवले.

बापूंच्या दफ्तरात एक दूरध्वनीची खोली आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना या खेड्याशी थेट बोलता यावे म्हणून तो दूरध्वनी बसवण्यात आला होता. चंदनेला मात्र त्याच्याजवळच्या दुसऱ्याच वस्तूचे नवल वाटले. ती वस्तू म्हणजे लाकडाचा एक लांब चिमटा आणि पिंजरा. आश्रमात साप फार निघत. त्यांना मारावयाचे नाही हा नियम. या चिमट्याने साप अलगद धरावा, पिंजऱ्यात ठेवावा आणि दूर नेऊन सोडावा. अहिंसेवर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. अहिंसेसाठी सुताराकडून चिमटा करून घ्यावा लागतो, साप निघण्यापूर्वीच तो तयार ठेवावा लागतो, ही गोष्ट त्या लाकडाच्या वस्तूने मला शिकवली.

आश्रमात एकादश व्रतांचा उल्लेख जागोजागी आढळतो. त्यांतील पहिली पाच वाचताना आपल्याला घरी आल्यासारखे वाटते: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि असंग्रह. पुढे शरीरश्रम, अस्वाद, निर्भयता, सर्वधर्मसमभाव, स्वदेशी व अस्पृश्यतानिवारण ही सहा बापूंनी जोडली. हा योगायोग नव्हे. १८८८ मध्ये विलायतेला निघालेल्या तरुण मोहनदासाला मद्य, मांस व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते. १८९१ मध्ये परतल्यावर मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्माविषयी मन गोंधळले तेव्हा बापूंनी पत्राने सत्तावीस प्रश्न विचारले ते श्रीमदांनाच. १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात दिवसाला पाचच पदार्थ खाण्याचे आणि सूर्यास्तानंतर न खाण्याचे व्रत त्यांनी घेतले. यातील दुसऱ्या व्रताचे आपल्या वाचकांना काही वेगळे सांगावयास नको.

बाबा 'असंग्रह' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "गंमत बघ. या जिल्ह्यात आपण संग्रहालये पाहायला आलो, आणि इथले व्रत असंग्रहाचे."

मी म्हणालो, "पण बाबा, कोणी या वस्तू जपल्याच नसत्या तर आज आपण काय पाहिले असते?"

ते लगेच काही बोलले नाहीत. या आश्रमातील बापूंचा चष्मा चोरीला गेल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले होते, ते त्यांनी चंदनेला सांगितले. ज्या भूमीवर अस्तेयाचे व्रत घेतले गेले तेथून चोरी! तिने विचारले, "मग आता काय राहिले?" बाबा म्हणाले, "हा चिमटा राहिला की."

परचुरे कुटीपाशी आम्ही अधिक वेळ थांबलो. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला आणि ते १९३९ मध्ये आश्रमाच्या दाराशी आले. त्या काळी या रोगाचे नाव काढले तरी आप्त पाठ फिरवीत. बापूंनी त्यांना ठेवून घेतले, जवळच कुटी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. आपल्या शास्त्रात सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. उपवासाचे कौतुक आपल्याकडे मिरवणुकीने होते. या तपाची मिरवणूक निघत नाही. रुग्णाच्या उशाशी ते चालते आणि तेथेच संपते. बाबांच्या आजारपणात गेल्या श्रावणात माझा भाऊ पुण्याहून येऊन तीन आठवडे राहिला होता. रात्रीची जाग त्यानेच काढली होती. हे मी विसरलो नव्हतो. पण त्या कुटीपुढे उभे राहीपर्यंत कपाटाचा विचार आणि ही आठवण माझ्या मनात कधी एकत्र आली नव्हती.

झाडाखाली सावलीत दशम्या सोडल्या. बापूंनी लावलेला पिंपळ तेथे अजून उभा आहे. दुपारचे ऊन कार्तिकातही जाणवत होते.

पवनार

वर्ध्याहून नागपूरच्या दिशेने निघाले की आठ-नऊ किलोमीटरवर धाम नदीच्या काठी पवनार लागते. आज लहानसे दिसणारे हे गाव वाकाटकांच्या काळात राजधानी होते. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने वसवलेले प्रवरपूर ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे येथे उत्खनन केले. या प्रवरसेनाची आणखी एक ओळख आपण ठेवायला हवी. 'सेतुबंध' हे महाकाव्य त्याच्या नावावर आहे आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपल्या अनेक प्राकृत कथाग्रंथांची भाषा हिच्याच कुळातली. म्हणजे ज्या नदीकाठी आम्ही उभे होतो तेथील राजदरबारात, आपल्या मराठीच्या आणि आपल्या आगमपरंपरेच्याही जवळची बोली सन्मानाने नांदत होती.

१९३८ मध्ये प्रकृती ढासळलेले विनोबा विश्रांतीसाठी येथे जमनालालजींच्या बंगल्यात आले. प्रकृती सुधारावी म्हणून शेतात खोदकाम करीत असता त्यांना जमिनीतून मूर्ती मिळू लागल्या. त्यांतील एका शिल्पात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. थोरल्याने राज्य घ्यावे म्हणून धाकटा विनवतो, धाकट्याने सांभाळावे म्हणून थोरला विनवतो. दोघांनाही ते नको आहे. त्या शिल्पाची येथे स्थापना झाली. इतर शिल्पे आश्रमाच्या भिंतींत बसवलेली आहेत. रामायणातील प्रसंग आहेत, गंगेची मूर्ती आहे. तिकीट नाही, काच नाही. ज्या मातीतून ती वर आली त्याच मातीवर ती उभी आहेत आणि त्यांच्यासमोरून आश्रमातील भगिनी सूतकताई व शेतीच्या कामासाठी जा-ये करतात.

बाबांमधला इतिहासशिक्षक इथे जागा झाला. त्यांनी चंदनेला याच जिल्ह्यातील देवळीचा ताम्रपट सांगितला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा तो दानपत्राचा लेख शके ८६२ चा, म्हणजे इसवी सन ९४० चा आहे. त्यात नागपूर हे नाव आलेले आहे. ज्या वंशातील अमोघवर्षाने आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानले, त्याच वंशाचा हा राजा. "तांब्याचा पत्रा कशासाठी?" तिने विचारले. "दान दिल्याचा पुरावा राहावा म्हणून," बाबा म्हणाले. "राजे लोकही घेतल्याचे कोरून ठेवत नसत. दिल्याचे कोरत."

पवनारहून १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. देशातील पहिले सत्याग्रही म्हणून बापूंनी त्यांची निवड केली होती. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाचा उगम झाला आणि तेरा वर्षे त्यांनी देश पायी पालथा घातला. ४० लाख एकरांहून अधिक जमीन लोकांनी त्यांच्या शब्दाखातर दिली. त्यांतली बरीचशी वाटपाच्या अडचणींत अडकली, हेही खरे. पण ज्याच्या हातून एवढी जमीन गेली त्याच्या नावावर तिचा एक तुकडाही राहिला नाही. १९५९ मध्ये त्यांनी येथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापले.

या आश्रमाचे आपल्यावर एक ऋण आहे. ते नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. प्रत्येक धर्माचे सार एका लहान ग्रंथात यावे, ही विनोबांची तळमळ होती. बौद्धांचे धम्मपद आहे, तसे जैनांचे सर्व पंथांना मान्य असे एक पुस्तक असावे, असे ते वारंवार सुचवीत. ते काम क्षुल्लक जिनेंद्र वर्णीजींनी हाती घेतले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात, नोव्हेंबर १९७४ मध्ये, दिल्लीत संगीती भरली. दिगंबर, श्वेतांबर मूर्तिपूजक, स्थानकवासी व तेरापंथी अशा चारही परंपरांचे मुनी आणि विद्वान एकत्र बसले, आणि ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' सर्वमान्य झाला. शतकानुशतके ज्यांना एका पुस्तकावर सहमत होता आले नव्हते ते एका जैनेतर घरात जन्मलेल्या, पवनारच्या काठी बसलेल्या म्हाताऱ्याच्या हट्टामुळे सहमत झाले. आमच्या पहिल्या पेटीत त्या ग्रंथाची बाबांनी घेतलेली प्रत आहे.

विनोबांची खोली साधी आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती खालावल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. तो दिवाळीचा, म्हणजे आपल्या वीरनिर्वाणाचा दिवस होता. पुढच्याच वर्षी सम्मेदशिखराच्या पायथ्याशी इसरी येथे जिनेंद्र वर्णीजींनी सल्लेखनेने देह सोडला.

त्या खोलीबाहेर बाबा ओट्यावर बसले. चंदना नदीकडे गेली होती. धामेच्या खडकाळ पात्रात बापूंच्या अस्थिविसर्जनाचे स्मारक दिसत होते. मला भीती वाटली की बाबा आता स्वतःविषयी काही बोलतील. त्यांनी ते ओळखले असावे.

"घाबरू नकोस. औषधे मी वेळेवर घेतो. मरणाची घाई करणे हा सल्लेखनेतसुद्धा अतिचारच सांगितला आहे," ते म्हणाले. "जगण्याची आस नको, तशी मरणाचीही नको. मी फक्त पेट्यांविषयी बोलणार आहे."

मी ऐकत राहिलो.

"तू सकाळी विचारलेस, जपले नसते तर काय पाहिले असते. बरोबर आहे. जपायलाच हवे. पण उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजल्या नाहीत. मूर्च्छा म्हणजे परिग्रह, म्हणजे 'हे माझे' ही गुंगी. आज पाहिलेल्या वस्तूंवर कोणाचे नाव आहे? चरखा पाहणाऱ्याचा आहे, शिल्प गावाचे आहे. तुझ्या कपाटाला कुलूप असेल. आणि त्या कुलपाची किल्ली घरात आल्यापासून तुम्हा दोघा भावांचे बोलणे बंद आहे."

मी म्हणालो, "बंद नाही, बाबा."

"क्षमावाणीला काय पाठवलेस त्याला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या भिंतीत ती भरत-रामाची भेट आहे तिच्याकडे पाहण्याचे मी टाळले.

बाबा पुढे म्हणाले, "विनोबांनी तरुणपणी आपली शाळेची प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत घातली होती. माझ्यात तेवढे धैर्य नाही. माझी राहू देत, मी गेल्यावर तुम्ही काय करायचे ते करा." आणि ते हसले.

सूर्य कलला होता. आम्ही नदीकाठीच पाच वाजता उरलेला डबा संपवला आणि दिवस मावळण्यापूर्वी रस्त्याला लागलो.

घरी

वाचकांपैकी कोणास हा प्रवास करावयाचा असेल तर नागपूरहून एक दिवस पुरतो. मुक्काम केल्यास अधिक बरे. लहान मुलांना अवश्य न्यावे. घाई असेल तर काही कमी पाहावे, पण सेवाग्रामचा चिमटा आणि पवनारची भिंत यांपुढे मुलांना प्रश्न विचारायला वेळ द्यावा. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिरही पाहण्याजोगे आहे. देशातील बहुतेक मंदिरे अस्पृश्यांना बंद होती तेव्हा, १९२८ मध्ये, जमनालालजींनी ते सर्वांना खुले केले. गोपुरीला गीताई मंदिर आहे. तेथे मूर्ती नाही, छप्पर नाही. शिळांवर विनोबांच्या 'गीताई'तील श्लोक कोरलेले आहेत. आमच्याने या दोन्ही ठिकाणी जाणे झाले नाही. ते पुढच्या खेपेला.

काचेचे कपाट मी केले नाही. पोथ्या कारंजाच्या मंदिरातील शास्त्रभांडाराकडे सोपवायच्या ठरल्या आहेत. तेथे अशा शेकडो पोथ्यांच्या सोबतीला त्या राहतील आणि अभ्यास करणाऱ्याच्या हाती लागतील. 'समणसुत्तं' मात्र घरी ठेवले आहे. रोज रात्री चंदना त्यातील एक गाथा आबांना वाचून दाखवते. चरखा नीट करून देणारा एक गृहस्थ मिळाला. नवी माळ बसली, चाते सरळ झाले. पेळू आणले. चंदनेचे सूत अजून दर हातभर अंतरावर तुटते आणि बाबा तिला सांधायला शिकवतात.

राहिली दुसरी पेटी. परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. क्षमावाणी होऊन दोन महिने उलटले होते. मी म्हणालो, "गज आणि तागडी मी घेऊन येतो पुण्याला." तो म्हणाला, "तागडी तू ठेव, दादा. मला गजच पाहिजे." मी म्हणालो, तूच ठेव दोन्ही. तो म्हणाला, नाही, तू ठेव. बराच वेळ आमचे हेच चालले. शेवटी पलीकडून बाबांनी हाक मारून विचारले की इतका वेळ फोनवर कोण आहे.